केरीच्या कातळावरची दोरी

१

धारगळला हमरस्त्याच्या कडेला सगुणचं कमानपाट्यांचं वर्कशॉप होतं. ट्रकच्या चाकांवर पोलादी पाट्यांची जी चळत असते ती उतरवायची, दबलेले पाटे वाकवून पुन्हा उभारी द्यायची, मोडलेले बदलायचे, हा त्याचा धंदा. डिचोलीकडच्या खाणी चालू होत्या तोवर ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत यायची आणि सगुणला जेवायचीही फुरसत नसायची. मग खाणी बंद पडल्या. ट्रक मालकांच्या अंगणात विटांवर चढून बसले आणि सगुण वर्कशॉपच्या दारात बाकड्यावर बसला. मागच्या आवारात जुन्या पाट्यांचा ढीग गंजत पडला होता.

हात रिकामे असले की माणूस कशालाही हो म्हणतो. त्याच दिवसांत त्याचा मेव्हणा बाबली समुद्रकाठच्या केरीहून स्कूटर घेऊन आला. बाबली मासेमारी करणारा, बोलायला कमी. दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ कृष्णनाथ कालवं काढायला केरीच्या कातळावर गेला होता, तिथून पाय घसरून पाण्यात पडला. नदी समुद्राला मिळते तिथली ओढ वाईट. बाबलीने कातळावरून दोरी टाकली, पुन्हा टाकली. दर वेळी ती अलीकडेच पडली. कृष्णनाथचा हात बराच वेळ वर दिसत होता, मग दिसेनासा झाला. तो सापडला नाही.

"हातान उडयल्ली दोरी थंय पावना, भावोजी," बाबली म्हणाला. "दर वर्सा कोण ना कोण थंय बुडता. तुमच्या पाट्यांत जोर आसा. दोरी थंय पावयतलें अशें कितें तरी करून दियात."

सगुणच्या डोळ्यांसमोर लगेच एक वस्तू आली. हरमलला खोली घेऊन राहिलेल्या एका परदेशी पाहुण्याने कधीतरी त्याच्याकडे मोडका क्रॉसबो दुरुस्तीला आणला होता. दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य आणि बंदुकीसारखा चाप. धनुष्य काय आणि ट्रकचा पाटा काय, दोन्ही वाकून पुन्हा सरळ व्हायला बघतात. बाणाच्या शेपटीला दोरी बांधली की झालं, असं त्याला वाटलं. अशी कामं सुरुवातीला नेहमीच सोपी वाटतात.

२

पहिला क्रॉसबो भक्कम झाला आणि कुचकामी ठरला. सगुणने ट्रकचा एक अख्खा पाटा घासून पातळ केला, आडवा बसवला, तारेची दोरी चढवली. लाकडी बाणाच्या तोंडाला रबर लावलं, बुडणाऱ्याचं डोकं फुटू नये म्हणून. बाण दोरी घेऊन लांब गेला हे खरं, पण ते धूड उचलायलाच दोन माणसं लागत होती. वाऱ्यावर ते गर्रकन फिरायचं, आणि एक टोक कातळावर आपटायचं.

"ह्या फातरार एक पांय सारको थारना," बाबली म्हणाला, "आनी तुमी माका नांगर दिलो. ल्हान करा. पूण जोर उणो करूं नाकात."

हेच तर सगळं कोडं होतं. पाटा आखूड केला की तो कडक होतो, पण थोडाच वाकतो. थोडा वाकला की बाणाला मागून जी धाव मिळायला हवी ती मिळत नाही. नुसत्या जोराने काही होत नाही, तो जोर बाणाच्या पाठीमागे लांबवर टिकावा लागतो. सगुण त्यावर दिवसच्या दिवस घालवू लागला. समोर जेवण वाढलेलं असताना तो भाताच्या ढिगात बोटाने रेघा ओढायचा आणि त्याची बायको भाग्यलक्ष्मी ताट ओढून घ्यायची.

शेवटी त्याने अख्खा पाटा सोडून दोन आखूड तुकडे घेतले. टोकं पुढे न ठेवता मागे वळवली, दांड्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ चिकटून. टोकांना छोट्या कप्प्या बसवल्या आणि तार त्यांच्यावरून फिरवली. आता पाटा बोटभर वाकला तरी तार हातभर मागे यायची. घासताना तो पाट्यावर सतत पाणी ओतत राहिला, कारण पाटा तापला की पोलादाचा कडकपणा आणि उभारी दोन्ही जातात. तार हाताने मागे ओढणं कोणाच्याही बापाला शक्य नव्हतं, म्हणून दांड्याच्या मागे आटे पाडलेली सळी आणि फिरवायचा दांडा बसवला, जॅकला असतो तसा. सगळं मिळून एका काखेत मावेल एवढं झालं. सगुणने ते तराजूत टाकून पाहिलं नाही, नुसतं एका हाताने उचललं आणि खूश झाला.

३

दुपारच्या वेळी, भरती संपून पाणी जरा थबकतं तेव्हा दोघे कातळावर गेले. मागे केरीची पुळण, पर्यटकांच्या छत्र्या, शॅकमधलं गाणं. पलीकडे तेरेखोलचा डोंगर. नदीवर फेरीबोट नेहमीसारखी जात येत होती. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं.

दोरी बाल्दीत सैल सोडून ठेवली होती. तिच्या टोकाशी, बाणाच्या जवळ, सरकगाठीचं मोठं कडं होतं. बुडणाऱ्याने त्यात डोकं-खांदे घालायचे, वरून ओढलं की कडं अंगाला बसायचं. सगुणने दांडा फिरवून तार चढवली, खांद्याला लावलं आणि चाप ओढला. बाण इतका दूर गेला की बाबली टाचा उंचावून बघू लागला. कृष्णनाथचा हात जिथे दिसत होता त्याच्याही पुढे तो पडला.

बाबलीने दोरी परत ओढायला घेतली. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांच्या रांगेने ओढायचं मोठं जाळं, ते ओढणाऱ्यांची एक सवय असते. कमरेला एक आखूड दोर बांधायचा, त्याचं टोक मोठ्या दोरीला गुंडाळून अडकवायचं, आणि अंग मागे टाकून उलटं चालायचं. हात दुखत नाहीत, सगळा भार कमरेवर येतो. लहानपणापासून किनाऱ्यावर जाळी ओढलेल्या बाबलीला दुसऱ्या तऱ्हेने दोरी ओढताच येत नव्हती. रिकामी दोरीही तो तशीच कमरेला अडकवून ओढायचा.

टोक वर आलं तेव्हा कडं आवळलेलं होतं. खांदे जातील एवढं सोडलेलं कडं आता लहानशा वेढ्याएवढं उरलं होतं.

"लाटांनी ओढून घट्ट जाता," सगुण म्हणाला.

बाबलीने त्यात आपला हात घातला. मनगटाला ते बरोब्बर बसलं. त्याने बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

सगुणने कडं मोकळं करून पुन्हा बाण सोडला. पुन्हा तसंच. मग त्याने शहाण्या माणसासारखं करून पाहिलं. दोघे कातळावरून उतरून नदीच्या अंगाला, फेरीच्या धक्क्यापलीकडे गेले आणि तिथून तेवढाच लांब बाण सोडला. त्या पाण्यालाही ओढ होती. कडं जसं गेलं तसं उघडं परत आलं. कातळावरून जवळ सोडला तरी उघडंच यायचं. त्या एका जागेच्या पलीकडे गेला की मात्र आवळलेलं.

सगुणने मनाची समजूत घातली की तिथे पाण्याखाली खडकाचा सुळका असेल आणि कडं त्याला अडकत असेल. समजूत चांगली होती. फक्त खडकात अडकलेली दोरी कधीतरी अडकूनही बसते, तुटते, निदान खरचटते. ही गुळगुळीत होती.

४

भाग्यलक्ष्मीला यातलं काही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण बाबलीने बहिणीला सांगितलं. सकाळी पाववाल्या पदेराकडून घेतलेले उंडे पाव तिने सगुणपुढे ठेवले आणि चहा ओतायचा सोडून ती समोर बसली.

"दर्भाचो भाव जाळलो आमी," ती म्हणाली. "देह मेळूंक ना म्हणान भटान पुतळो करूंक सांगलो, तो केलो. अग्नी दिलो, बारावो-तेरावो सगळें केलें. कृष्णनाथ गेलो. माझें रडून झालें." चहाचं भांडं तिने बाजूला सारलं. "आतां एकूच भाव उरला. तुमचें यंत्र मोडलें तरी चलता. पूण बाबली घरा परत येवंकच जाय."

सगुणने हो म्हटलं. त्या दिवशी यंत्र गुंडाळून ठेवायचं असंही त्याच्या मनात आलं होतं. पण मग बाबली एकटाच कातळावर जाऊन बसेल, हेही त्याला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला यंत्र आवडायला लागलं होतं. आखूड पाट्यांतून इतका जोर निघतो हे त्याने स्वतःच्या हाताने सिद्ध केलं होतं, आणि असं काही हाती लागलं की कारागिराचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्याने तोड काढली. यंत्र बाबलीकडे राहू दिलं आणि फिरवायचा दांडा मात्र आपल्या घरी आणून फळीवर ठेवला. दांड्याशिवाय तार चढायची नाही, म्हणजे सगुण असल्याशिवाय बाण सुटायचा नाही. ही युक्ती त्याने भाग्यलक्ष्मीला सांगितली तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

५

त्याने कप्प्या थोड्या मोठ्या केल्या आणि पाट्याचे तुकडे आणखी आखूड. यंत्र लहान झालं आणि बाण आणखी दूर जाऊ लागला. जसा दूर जाई तशी दोरी जड होई. आधी वाटे ओली दोरी आहे, जड लागणारच. मग एका दुपारी बाबली ओढताना मध्येच थांबला, आणि तो थांबल्यावर दोरीने त्याला अर्धं पाऊल पुढे नेलं.

सगुणने दुसऱ्या दिवशी ताणकाटा आणला, बाजारात पोती तोलायला टांगतात तसला. तो दोरी आणि बाबलीच्या कमरेचा दोर यांच्यामध्ये अडकवला आणि स्वतः काट्याजवळ उकिडवा बसला. लाट आली की काटा हलायचा, ते ठीक होतं. बाबली ओढायचा तेव्हा काटा वर चढायचा, तेही ठीक. बाबलीने ओढणं थांबवून श्वास घेतला की काटा खाली यायला हवा होता. तो थोडा खाली यायचा, थांबायचा, आणि मग सावकाश पुन्हा वर चढायचा. लाट असो वा नसो. बाबलीने ओढलं की परत खाली.

"उदक ओढता," सगुण म्हणाला. "ओहोटी सुरू जाली आसतली."

"उदक वाट पळयता, भावोजी?" बाबलीने विचारलं. "मी ओढतां तेन्ना तें थांबता. मी थांबतां तेन्ना तें ओढता. उदकाक माझी पाळी कशी कळता?"

सगुणने ताणकाटा सोडवून घेतला. त्याच्या अंगावर भर उन्हात काटा आला, आणि तो आला हे त्याने मान्यही केलं. यापुढे इथे यायचं नाही असं त्याने बाबलीला बजावलं. बाबलीने मान हलवली. तो नाराज दिसत नव्हता. कोणीतरी ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि ते तेच आहे की नाही याचा विचार करत राहावं, तसा तो घरी जाईपर्यंत मागे वळून पाण्याकडे बघत होता.

६

चारेक दिवस असेच गेले. रविवारी भाग्यलक्ष्मीने माहेरी नेऊन द्यायला नारळाच्या वड्या दिल्या म्हणून सगुण केरीला गेला. फिरवायचा दांडा त्याने हत्यारांच्या पिशवीत बरोबर घेतला. बाबलीला सांगून यंत्र कायमचं घेऊन यावं, सुटं करावं, असा विचार होता.

तो पोचला आणि पुळणीवर आरडाओरडा सुरू झाला. एक पर्यटक कातळाच्या टोकापासून लांब वाहत चालला होता. काळं डोकं वरखाली होत होतं. बाबली आधीच यंत्र आणि बाल्दी घेऊन कातळावर धावत होता. अशा वेळी सगुण काय करणार होता? त्यानेही धाव घेतली, दांडा बसवून तार चढवली. बाबलीने यंत्र खांद्याला लावलं. बाण सुटला, लाटांवरून गेला, आणि डोक्याच्या अगदी जवळ पडला. दोरी ताठ झाली.

"धरली," बाबली म्हणाला, आणि कमरेचा दोर गुंडाळून अडकवला. सगुण त्याच्यापुढे उभा राहून हातांनी ओढू लागला. भार मोठा होता, माणसाएवढा होता, आणि सगुणच्या मनात निव्वळ आनंद होता. एवढ्या दिवसांची मेहनत एका माणसाला परत आणत होती. दोघे ओढत राहिले, कातळावर टाचा घासत.

मागून कोणीतरी खोकलं. खोकला थांबेना म्हणून सगुणने मान वळवली. पुळणीच्या बाजूने लोक कातळावर चढून येत होते, आणि त्यांच्यामध्ये टॉवेल गुंडाळलेला, ओठ निळे पडलेला एक तरुण दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उभा होता. सर्फबोर्डवाल्यांनी त्याला दुसऱ्या बाजूने केव्हाच बाहेर काढलं होतं. पाण्यात आणखी कोणी नव्हतं, असं सगळे सांगत होते.

दोरी तशीच ताठ होती.

सगुणने समुद्राकडे पाहिलं. उन्हाने पाणी झगझगत होतं, नीट दिसत नव्हतं. पण दोरी दिसत होती. पाण्यात अडकलेली दोरी टोकाकडे खाली जाते. ही लाटांवरून सरळ गेली होती, थेंब गाळत, आणि लाटा फुटतात त्याच्या पलीकडे पाण्याच्या वरच संपत होती. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर.

"बाबली, सोड."

बाबलीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "सोडूं कित्याक?" तो म्हणाला. "ह्या खेपेक पावली."

मग पलीकडून ओढ आली. सगुणच्या तळहातांची साल सोलत दोरी निघून गेली. बाबली घसरत कातळाच्या कडेपर्यंत गेला, एका खाचेत टाच रोवून कसाबसा थांबला. कमरेचा दोर भाराखाली करकचून बसला होता, तो हाताने सुटणं शक्य नव्हतं. आणि बाबली तो सोडवायला बघतही नव्हता. त्याचे दोन्ही हात दोरीवर होते आणि चेहरा शांत होता. सगुणने पिशवीतून हॅकसॉचं पातं काढलं. तो बाबलीच्या अंगावरून पुढे वाकला आणि दोरी कापू लागला. बाबलीने त्याचा हात पकडला, सगुणने तो झटकला. धागे एकेक करून सुटले, शेवटचा आपणच तुटला, आणि दोघेही मागे आदळले.

७

दोरीचं समुद्राकडचं कापलेलं टोक कातळावर पडलं होतं. ते लगेच गेलं नाही. आधी हातभर सरकलं आणि थांबलं. मग पुन्हा हातभर. जाळं ओढताना माणसं ओढतात, श्वास घेतात, पाऊल बदलतात आणि पुन्हा ओढतात, त्या लयीत दोरी कडेवरून उतरून पाण्यात गेली. भोवतालच्या लोकांचं लक्ष ओठ निळे पडलेल्या तरुणाकडे होतं. कोणीतरी त्याच्या आईला फोन लावून देत होतं.

सगुणने यंत्र उचललं आणि दांड्यासकट समुद्रात फेकलं. ते फार लांब गेलं नाही. तो परत येऊन बाबलीजवळ बसला. बाबली रागावला असेल, रडेल, पाण्याकडे धावेल, अशा सगळ्याची त्याने तयारी ठेवली होती. बाबली कमरेच्या दोराची गाठ नखाने उकलत होता.

"दोन वर्सां माका झोप ना, भावोजी," तो म्हणाला. "तो थंय एकटोच आसतलो, इतकेंच मनांत येय. काळोखांत, थंडयेंत, एकटो." गाठ सुटली. त्याने दोराची नीट गुंडाळी केली. "आयज कळ्ळें. ती ओढ एकट्या मनशाची न्हय. एकट्यान माका अशें ओढूंक जावचें ना. खूब जाण आसात थंय. रांग आसा मोठी. आमचो कृष्णनाथ एकटो ना."

तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर पोटभर जेवलेल्या माणसाचं समाधान होतं, आणि ते पाहून सगुणने त्याला कातळाच्या कडेपासून मागे ओढलं.

त्या दिवशी त्याने बाबलीला धारगळला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. बाबली लगेच तयार झाला, वाद घातला नाही. स्कूटर चालवायला सगुणने त्यालाच पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसला. पुळण संपली, माडांची रांग संपली, समुद्र दिसेनासा झाला, तरी त्याने बाबलीचा सदरा दोन्ही सोललेल्या हातांच्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता. घराच्या दारात भाग्यलक्ष्मी वाट पाहत उभी होती. ती पायऱ्या उतरून आली आणि तिने भावाचा दंड धरला, तेव्हाच सगुणने मुठी सोडल्या.